नांगरावरची रात्र

बावीस फुटांच्या बोटीत रात्री माणसं झोपतात, असं गावाकडे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "झोपतात कुठे?" प्रश्न रास्त आहे. आपल्या ओळखीची बोट म्हणजे एक तर मासेमारीचा ट्रॉलर, ज्यावर खलाशी आठवडा-आठवडा समुद्रात राहतात, किंवा पैलतीरी नेऊन सोडणारी उघडी होडी, नाहीतर केरळातली, आचारी आणि पलंगासकट भाड्याने मिळणारी हाऊसबोट. स्वतःच्या गाडीमागे ओढून न्यायची, स्वतः चालवायची आणि स्वतःच तिच्यात झोपायचं, अशी बोट आपल्या किनाऱ्यावर फारशी दिसत नाही. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिअ‍ॅटलच्या प्युजेट साउंडमध्ये आणि त्याच्या उत्तरेच्या सॅन वान बेटांमध्ये मात्र ती हर धक्क्यावर दिसते.

तर, झोपतात नाळेत. बोटीचं पुढचं टोक जिथे निमुळतं होत जातं तिथे आत एक त्रिकोणी पोकळी असते आणि तिच्यात इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची गादी बसवलेली असते. दोघांची डोकी रुंद बाजूला, पाय टोकाशी एकमेकांना भिडलेले. मूल असेल तर केबिनमधलं जेवणाचं टेबल खाली उतरवून दोन बाकांमधली जागा भरायची. त्याचा बिछाना तयार. एक-दोन बर्नरची शेगडी, पिण्याच्या पाण्याची टाकी, पावसापुरतं छप्पर आणि उचलून नेता येणारा छोटा संडास, जो बऱ्याचदा त्या गादीच्याच मधोमध लपवलेला असतो. घर एवढंच. सिअ‍ॅटलजवळ घडलेली बावीस फुटी सी-डोरी ही या घराची सगळ्यांना माहीत असलेली आवृत्ती. तिची रुंदी आठ फुटांच्याही आत आहे.

सिअ‍ॅटल, रेडमंड, बेलव्ह्यू आणि सीमेपलीकडच्या व्हँकुव्हर परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी मी हे पुस्तक लिहिलं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी जुन्या, वापरलेल्या लहान बोटी घेतल्या. बहुतेकांनी त्या डंजनेस कुर्ल्यांसाठी घेतल्या, आणि त्यात काहीच वावगं नाही. शनिवारी सकाळी पिंजरे टाकायचे, दुपारी ओढायचे, माद्या आणि सव्वासहा इंचांपेक्षा लहान नर परत पाण्यात सोडायचे, उरलेले घरी आणून वाटपात शिजवायचे. संध्याकाळी पाच वाजता रॅम्पवर बोटी बाहेर काढणाऱ्यांच्या रांगेत दोन-चार मराठी घरं हमखास भेटतात. माझं त्यांना एवढंच सांगणं आहे की पाच वाजता परतू नका. तुमच्याजवळ आहे तीच बोट, तिच्यातली तीच अरुंद गादी, तुम्हाला एक पूर्ण रात्र पाण्यावर ठेवायला पुरेशी आहे. आणि ती रात्र काढल्याखेरीज हा समुद्र तुम्हाला कळणार नाही.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. भरती-ओहोटीचं एक चक्र पुरं व्हायला चोवीस तास आणि वर पन्नास मिनिटं लागतात. दिवसाची फेरी मारणारा माणूस त्या चक्राचा एक तुकडा बघतो, आणि तोही इंजिनाच्या आवाजात, सरळ रेषेत जाताना. नांगरावर राहिलेल्या माणसाखालून मात्र ते सगळं चक्र जातं. संध्याकाळी वारा पडतो. मग तासाभराने जमिनीकडून गार झुळूक सुरू होते. पाणी फिरतं तशी बोट नांगराभोवती फिरते, आणि झोपताना खिडकीत असलेलं झाड पहाटे दुसऱ्या बाजूला गेलेलं असतं. दुपारी जिथून पिंजरा ओढला तो खडक रात्री दिसत नाही आणि सकाळी हाताच्या अंतरावर ओला, शिंपल्यांनी भरलेला उभा असतो. ही माहिती नकाशात आहेच. पण अंगात मुरलेली माहिती वेगळी, आणि वर्षभराच्या दिवसफेऱ्यांतून जी मुरत नाही ती एका रात्रीत मुरते.

कोकणातल्या माणसाला इथे एक जुनी सवय मोडावी लागते. आमच्या अलिबागकडे भरतीची वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची घटका मिळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला-अवसेला दुपारी बाराच्या आसपास. दिवसातल्या दोन भरत्या साधारण सारख्या असतात, म्हणून एकच हिशोब दोन्हींना लागतो. प्युजेट साउंडमध्ये हा हिशोब साफ फसतो. इथेही दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, पण चारही वेगवेगळ्या उंचीच्या. एक ओहोटी तळ उघडा करते, दुसरी जेमतेम चार फूट उतरून परत चढायला लागते. त्यातून एकाच पाण्याचं माप दर गावाला बदलतं. दक्षिणेच्या टोकाला ऑलिंपियात रोजच्या सर्वांत मोठ्या भरतीपासून सर्वांत खोल ओहोटीपर्यंतचा सरासरी फरक साडेचौदा फूट आहे, सिअ‍ॅटलला साडेअकरा, आणि सॅन वान बेटांतल्या फ्रायडे हार्बरला आठच्याही आत. वर्षाचाही एक ठेका आहे: उन्हाळ्यातल्या खोल ओहोट्या भर दिवसा येतात आणि हिवाळ्यातल्या रात्री. जुलैत नांगरावर झोपणं नवशिक्याला सोपं जातं, त्याचं एक कारण हेच. नोव्हेंबरात त्याच खाडीत, त्याच जागी झोपलेला माणूस मध्यरात्री बोट तिरकी झाल्यामुळे जागा होऊ शकतो.

ही मापं मी इतक्या बारकाईने देतो, कारण रात्रीची झोप त्यांवर टांगलेली आहे. नांगर वजनाने बोट धरतो असा बहुतेकांचा समज असतो. बावीस फुटी बोटीचा नांगर आठ-दहा पौंडांचा असतो. तेवढ्या वजनाने टनाच्या वर वजनाची बोट कशी थांबेल? नांगर धरतो तो तळाच्या चिखलात रुतून, आणि रुतून राहतो तो ओढ आडवी असेल तोवरच. दोर वरून खेचला गेला की तोच नांगर फावड्यासारखा उपटून निघतो. म्हणून दोर लांब सोडायचा. पाण्याची खोली आणि नाळेची पाण्यापासूनची उंची यांची बेरीज करायची आणि रात्रीसाठी तिच्या सातपट दोर द्यायचा, हा इथला सर्वमान्य नियम आहे.

आता हिशोब बघा. दुपारच्या ओहोटीला तुम्ही दहा फूट पाण्यात नांगर टाकलात. नाळ तीन फूट वर. तेराची सातपट एक्याण्णव. तेवढा दोर सोडून तुम्ही निश्चिंत झालात. रात्री पाणी दहा फूट चढलं. आता बेरीज तेवीस झाली आणि तोच एक्याण्णव फूट दोर जेमतेम चारपट उरला. नेमका तेव्हाच वारा उठला तर नांगर घसरतो, आणि घसरतो तो तुम्ही गाढ झोपेत असताना. पाण्याची त्या रात्रीची सर्वांत वरची पातळी धरूनच हिशोब करायचा असतो; म्हणजे इथे दीडशेच्या वर फूट दोर हवा. लहान बोटींबरोबर दुकानातून जो दोर येतो तो बहुधा शंभर फुटांचा असतो. बोट घेतल्यावर पहिला खर्च कशावर करावा, असं मला विचाराल तर मी दोर आणि साखळी म्हणेन. मासे शोधायच्या यंत्राचा मोठा पडदा पुढच्या वर्षी घेता येतो.

नांगर कुठला घ्यावा यावर एक अख्खं प्रकरण पुढे आहे. इथे एवढंच नोंदवतो की या साध्या लोखंडी वस्तूवर फार मोठ्या माणसांनी डोकं चालवलं आहे. केंब्रिजचे जी. आय. टेलर हे विसाव्या शतकातले द्रवगतिकीचे थोर शास्त्रज्ञ. प्रवाहातल्या खळबळीचं गणित त्यांनी पुष्कळ उलगडलं. ते स्वतः शिडाची बोट चालवत, आणि १९३३ साली त्यांनी शेतातल्या नांगराच्या फाळासारखा, ओढ बसली की आपोआप जमिनीत घुसणारा नांगर तयार केला. तो सीक्यूआर या नावाने आजही विकला जातो. अमेरिकेत रिचर्ड डॅनफोर्थ यांनी दोन चपट्या पात्यांचा हलका नांगर काढला आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींनी तो वापरला. तुमच्या जुन्या बोटीबरोबर आलेला नांगर बहुधा डॅनफोर्थच्याच घराण्यातला असेल. वाळूत आणि घट्ट चिखलात तो उत्तम धरतो. सागरी गवतात आणि केल्पमध्ये मात्र तो वरवर घसरत जातो, आणि या बेटांमध्ये केल्प पुष्कळ आहे.

लहान बोटीची रात्र ही मोठ्या बोटीच्या रात्रीची कमी प्रतीची नक्कल आहे असं मानणारे लोक धक्क्याधक्क्यावर भेटतात. चाळीस फुटी बोट परवडली असती तर ही कशाला घेतली असती, असं त्यांच्या बोलण्यात असतं. मला हे मुळातच पटत नाही. वॉशिंग्टन राज्यात खास परवान्याशिवाय रस्त्यावरून ओढता येणाऱ्या वाहनाची कमाल रुंदी साडेआठ फूट आहे. पूर्वी ती आठ फूट होती. आपल्या बोटींचा आकार समुद्राइतकाच या रस्त्याच्या नियमानेही घडवला आहे, आणि या अडचणीतच त्यांचं बळ आहे. ओरिन एडसन किंवा त्यांची बेलाइनर ही नावं ज्यांना ठाऊक असतील त्यांना आठवेल की सिअ‍ॅटलच्याच उत्तरेला वाढलेल्या बेलाइनर कंपनीने बोट, इंजिन आणि ट्रेलर एकत्र विकायला सुरुवात करून साध्या पगारदार घरांत बोट पोचवली. चाळीस फुटी बोट धक्क्याला बांधून ठेवावी लागते, दर महिन्याला भाडं भरावं लागतं, आणि तिचा समुद्र धक्क्यापासून एक-दोन दिवसांच्या टापूत संपतो. ट्रेलरवरची बोट आज लेक वॉशिंग्टनवर, पुढच्या महिन्यात अ‍ॅनाकोर्टिसला आणि सुट्टीत चारशे मैलांवरच्या एखाद्या खाडीत. शिवाय ती दोन फूट पाण्यातही तरंगते. मोठ्या बोटी खाडीच्या मध्यावर दाटीने उभ्या असतात तेव्हा आपण आतल्या कोपऱ्यात, वारा लागत नाही अशा जागी जाऊन झोपू शकतो.

त्या कोपऱ्यात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. शिडाच्या बोटीला खाली जड कणा असतो, त्यामुळे ती प्रवाहाचं ऐकते. आपली बोट हलकी, नाळ उंच, पाण्याखाली फारसं काही नाही. ती वाऱ्याचं ऐकते. शेजारची शिडाची बोट एकीकडे तोंड करून उभी असताना आपली दुसरीकडेच झुलत असते. दुपारी दोघींत ऐसपैस वाटलेलं अंतर पहाटे तीनला उरत नाही. आधी आलेल्या बोटीचा हक्क पहिला. जागा आपण बदलायची. हा कुठल्या कायद्याच्या पुस्तकातला नियम नाही, पण पाण्यावर तो कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो.

कायद्याचाही एक नियम आहे आणि त्यात लहान बोटवाले हटकून चुकतात. नांगरावर असलेल्या बोटीने सगळ्या दिशांनी दिसणारा पांढरा दिवा लावावा, असं १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. सात मीटरपेक्षा लहान बोटीला सूट आहे आणि बावीस फूट म्हणजे सातच्या आत, त्यामुळे आपल्याला दिवा नकोच असं पुष्कळांना वाटतं. सूट आहे ती ये-जा असलेल्या वाटा, चिंचोळे मार्ग आणि नांगर टाकण्याच्या जागा सोडून. रात्रीसाठी आपण निवडतो ती खाडी बहुधा नांगर टाकण्याचीच जागा असते. दिवा लावाच. एलईडीचा दिवा रात्रभरात बॅटरीचा नगण्य हिस्सा खातो. बॅटऱ्या मात्र दोन हव्यात: एक बोटीतल्या दिव्या-पंपांसाठी, दुसरी फक्त इंजिन सुरू करण्यासाठी, आणि रात्री दुसरीला हात लावायचा नाही.

आता ओलीबद्दल, कारण पहिल्या रात्रीनंतर बोट विकायला काढणारी माणसं वादळाने पळत नाहीत, ओल्या गादीने पळतात. या समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही दहा-बारा अंशांच्या आसपास असतं. बोटीची भिंत फायबरग्लासची, बोटभर जाडीची. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातली वाफ त्या गार भिंतीवर जमते, थेंब होऊन गादीखाली उतरते, आणि सकाळी पाठ ओली. नवखा माणूस थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावतो आणि ओल दुप्पट करतो. उपाय उलटा आहे. डोक्यावरची झडप दोन बोटं उघडी ठेवायची, मागच्या बाजूला आणखी एक फट ठेवायची, आणि थंडीसाठी पांघरूण वाढवायचं. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीदार चटई किंवा लाकडी पट्ट्या टाकायच्या. चहा-भात शिजवताना दार उघडं ठेवायचं. एवढं केलं की सप्टेंबरातही कोरडं झोपता येतं.

ती फट ठेवण्याचं दुसरं कारण अधिक गंभीर आहे, आणि इथे मी माझ्या वाचकाला विनवणी करतो की हा परिच्छेद घाईने वाचू नये. पेट्रोलच्या इंजिनाच्या आणि जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने धरून ठेवतं. सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गुंगी. ती बोट लागल्यासारखीच वाटतात, म्हणून माणूस आडवा होतो आणि झोपेतच जातो. लहान बोटीत धोका अधिक, कारण केबिनमध्ये हवा थोडी. बोट चालू असताना केबिनच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि मागचा कापडी पडदा बंद असेल तर धूर उलटा आत ओढला जातो. शेजारी बांधलेल्या बोटीचा जनरेटरही पुरतो. बोटीसाठी बनवलेला, आवाज करणारा शोधक केबिनमध्ये झोपायच्या जागेजवळ बसवल्याशिवाय कुणीही, एका रात्रीसाठीसुद्धा, आत झोपू नये. ज्वालेवर चालणारा हीटर झोपताना चालू ठेवू नये. शेगडीचा प्रोपेन हवेपेक्षा जड असतो. गळला तर बुडाशी साचून राहतो, म्हणून टाकी बाहेर ठेवावी. या पुस्तकातलं बाकी सगळं चुकलं तर फार तर रात्र वाईट जाते. हे चुकलं तर सकाळ होत नाही.

अशा बोटीवर घर करून राहण्याची परंपरा या किनाऱ्यावर जुनी आहे, आणि तिच्या मध्यभागी एक आई आहे. म्युरिएल वायली ब्लँचेट या व्हँकुव्हर बेटावर सिडनी गावाजवळ राहत. १९२०च्या दशकात त्यांचे पती वारले. पदरी पाच मुलं. उन्हाळ्यात त्या घर भाड्याने देत आणि मुलांना घेऊन पंचवीस फूट लांब, साडेसहा फूट रुंद अशा 'कप्रीस' नावाच्या मोटरबोटीत राहायला जात. ब्रिटिश कोलंबियाच्या खाड्यांमधून महिनोन् महिने त्या हिंडल्या. तेव्हा रडार नव्हतं, हवामान सांगणारा रेडिओ नव्हता. इंजिन बिघडलं तर स्वतःच उघडावं लागे. त्या अनेक उन्हाळ्यांचं त्यांनी 'द कर्व्ह ऑफ टाइम' हे पुस्तक केलं. ते १९६१ साली आलं आणि त्याच वर्षी त्या गेल्या. आज या भागातल्या बोटीबोटीत ते असतं. आपल्या बोटीपेक्षा अरुंद बोटीत सहा माणसं राहिली, हे मी मुद्दाम सांगतो. बोट लहान आहे, मुलं लहान आहेत, आणखी दोन वर्षांनी बघू, असं म्हणणाऱ्या आई-बापांनी ते पुस्तक आधी वाचावं आणि मग हे.

त्याच सुमाराची दुसरी हकिगत मला याहून मोलाची वाटते. ऑर्कास बेटाच्या उत्तरेला अडीच मैलांवर सुशिया नावाचं बेट आहे. हाताची बोटं पसरावीत तसं ते पाण्यात पसरलं आहे आणि बोटांच्या मधल्या खाड्या नांगरासाठी जणू घडवल्या आहेत: फॉसिल बे, एको बे, शॅलो बे, ईविंग कोव्ह. तिथे ना फेरी जाते, ना पूल. १९६०च्या आसपास ते बेट घरांच्या भूखंडांत वाटलं जाईल अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा प्युजेट साउंडमधल्या बोट-क्लबांच्या संघाने, एव्ह हेन्री यांच्या पुढाकाराने, बोटवाल्यांकडून २५,००० डॉलर जमवले, बेटाचा मोठा भाग विकत घेतला आणि राज्याला देऊन टाकला. अट एकच: ते सगळ्यांसाठी सागरी उद्यान म्हणून राहावं. स्वतःच्या क्लबाच्या नावावर ठेवता आलं असतं, कुंपण घालता आलं असतं. ते केलं नाही. म्हणून आज कुणीही, कुठल्याही देशातून आलेला, कितीही जुनी बोट घेऊन तिथे जाऊ शकतो, थोडी फी भरून उद्यानाच्या बोयाला दोर बांधू शकतो आणि सलग तीन रात्री राहू शकतो. २०१२ साली याच बेटाच्या किनाऱ्यावर एका डायनोसॉरच्या मांडीच्या हाडाचा तुकडा सापडला. वॉशिंग्टन राज्यात मिळालेला तो डायनोसॉरचा पहिला अवशेष. भूखंड पडले असते तर तो कुणाच्या तरी अंगणाच्या भिंतीखाली गेला असता.

आपण या देशात उशिरा आलेली माणसं. या पाण्यावरच्या आपल्या रात्री आपल्याआधीच्या अनोळखी बोटवाल्यांनी वर्गणी काढून राखून ठेवल्या आहेत, आणि त्याचं देणं आपल्यावर आहे असं मी मानतो. ते फेडण्याचे मार्ग साधे आहेत. २०१८पासून प्युजेट साउंडमध्ये बोटीवरचा मैला, प्रक्रिया केलेला असो वा नसो, पाण्यात सोडायला पूर्ण बंदी आहे. छोटा संडास उद्यानाच्या किंवा मरीनाच्या ठरलेल्या जागी रिकामा करणं हे काम कुणालाच आवडत नाही. ते टाळायचं नाही, आणि मुलांनाही करायला लावायचं. गवताळ तळावर नांगर टाकायचा नाही, कारण तिथेच कुर्ल्यांची आणि सामनची पिल्लं वाढतात. जवळ बोया असेल तर बोयाच घ्यायचा. रात्री दहानंतर खाडीत आवाज दूरवर जातो. गाणी लावायची तर आपल्या केबिनपुरती.

अंताक्षरी मात्र जरूर खेळा. उन्हाळ्यात इथे सूर्य नऊनंतर मावळतो आणि पुरता अंधार पडायला साडेदहा-अकरा होतात. घरी या वेळेला प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा असतो. बोटीवर जागा एवढी कमी की चौघांना एकाच कामाभोवती बसावं लागतं. एक कुर्ली सोलतो, एक वाटण ढवळतो, एक दोर तपासून येतो, धाकटं किनाऱ्यावरच्या दोन झाडांची रांग बघून बोट सरकली का ते सांगतं. ही शेवटची युक्ती आपल्या कोळ्यांचीही आहे. डोंगर आणि देऊळ एका रेषेत धरून ते मासळीची जागा राखतात. ऑगस्टच्या अवसेला पाण्यात हात फिरवला तर निळा-हिरवा उजेड फुटतो. तो सूक्ष्मजीवांचा असतो, कोकणातही दिसतो. पण रत्नागिरीत वाढलेल्या आई-बापांनीही तो पहिल्यांदा आपल्या मुलांबरोबर इथेच पाहिलेला असतो, कारण तिथे रात्री पाण्यावर कुणी मुक्काम केलाच नव्हता.

पुस्तकाची मांडणी रात्रीच्या क्रमाने केली आहे: जागा निवडणं, नांगर, स्वयंपाक, झोप, मध्यरात्रीची तपासणी आणि सकाळी निघणं. निघण्याचं प्रकरण सगळ्यांत लांब झालं, त्याला कारण आहे. डिसेप्शन पासच्या पुलाखाली प्रवाह आठ नॉटपर्यंत जातो, आणि भरलेली लहान बोट सावकाश चालवली तर तिचा वेगही साधारण तेवढाच असतो. जवळच्या कॉर्नेट बेतून बाहेर पडणाऱ्याला पाणी स्थिर होण्याची घटका गाठावी लागते. ती सकाळी सहाची असेल तर सहाची. प्रवाहाची कोष्टकं कशी वाचायची हे तिथे उदाहरणांसह दिलं आहे. पंधरा किंवा त्याहून जास्त अश्वशक्तीची बोट चालवायला १९५५ साली किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला राज्याचं बोट-शिक्षणाचं कार्ड लागतं. ते घरातल्या एकाने नको, दोघांनी काढावं. रात्री एकाला बरं वाटेनासं झालं तर दुसऱ्याला बोट किनाऱ्याला आणता आली पाहिजे.

पहिली रात्र कुठे काढावी असं मला नेहमी विचारलं जातं. ब्लेक आयलंडला जा. वेस्ट सिअ‍ॅटलच्या रॅम्पवरून बोट उतरवली तर तासाभराच्या आत पोचता. बेट पूर्ण राज्य-उद्यान आहे, बोटीखेरीज तिथे जाता येत नाही, आणि छोटा धक्काही आहे, म्हणजे पहिल्याच रात्री नांगरावर भिस्त ठेवायला नको. जुलै किंवा ऑगस्टमधला, शनिवार-रविवार सोडून एखादा वार धरा. दुपारी दोनपर्यंत पोचा, नाहीतर धक्क्यावर जागा मिळत नाही. जागा नसेल तर बोयाला बांधा, पण जवळून जाणाऱ्या फेरीबोटी आणि मालवाहू जहाजं यांच्या लाटा रात्रीही येतात हे धरून चाला. भांडी कोंडून ठेवा, मुलांना बोटीच्या मध्यभागी झोपवा. हवामानाच्या रेडिओवर लहान बोटींसाठी इशारा असेल तर त्या दिवशी जाऊ नका. आणि निघण्याआधी घरच्या अंगणात, ट्रेलरवरच्याच बोटीत एक रात्र सगळ्यांनी झोपून बघा: कोणाचे पाय कुठे येतात, कुठली खिडकी गळते आणि टॉर्च अंधारात हाताला लागतो की नाही, हे तिथेच समजतं.